ढगाला मीठ, ढगाला धूर

पावसाळ्यात वरकुट्यावरून ढग जातात, बरसतातच असे नाही. इंदापूर-बारामतीचा जिरायती पट्टा सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत येतो. वारे बरेचसे पाणी घाटमाथ्यावरच रिते करून इथे पोहोचतात. उरलेल्या ढगातून पाऊस पडेल की नाही, यात हवेतल्या न दिसणाऱ्या कणांचाही वाटा असतो.

वाफेला पाणी व्हायला टेकायला जागा लागते. ती धूळ, मीठ, धूर यांचे कण देतात. कण मोजके असले की थेंब मोठे होतात, एकमेकांवर आदळतात, जड होऊन खाली येतात. पावसाच्या एका थेंबात ढगातले सुमारे दहा लाख थेंब सामावतात! धुराचे कण फार झाले, की तेवढेच पाणी असंख्य बारीक थेंबांत वाटले जाते आणि ते नुसतेच तरंगत राहतात. असा ढग अधिक पांढरा असतो, ऊन जास्त परतवतो. त्यामुळेच हरितगृह वायूंची काही उष्णता या प्रदूषणाने आजवर झाकून ठेवली आहे.

मिठाचे भरड कण उलटे काम करतात. ते पाणी ओढून घेतात, भराभर मोठे होतात. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने १९७३ ते १९८६ दरम्यान अकरा पावसाळे याच बारामती परिसरात विमानातून ढगांत मीठ फवारून पाहिले. कोणत्या दिवशी कोणत्या भागावर फवारायचे, हे औषधाच्या चाचणीसारखे चिठ्ठीवर ठरे. पाऊस सुमारे २४ टक्के वाढल्याचा निष्कर्ष निघाला. याच संस्थेच्या २०१८-१९च्या सोलापूरच्या प्रयोगात, १०० चौरस किलोमीटरांत, सरासरी वाढ १८ टक्के दिसली. मात्र दोन्हीकडे ढग आधीच हजर होते. कोरड्या आभाळातून मीठ काहीच काढू शकत नाही, हे दुष्काळात विमानाची मागणी करणाऱ्यांनी ध्यानात घ्यावे.

छातीचा हिशेबही कणांच्या आकाराचाच. भरड कण बहुतेक नाकाघशात अडकतात. धुराचे अडीच मायक्रॉनहून बारीक कण थेट फुप्फुसाच्या वायुकोशांत उतरतात. दमेकऱ्याची धाप वाढते, हृदयावरही ताण येतो. उसाचे पाचट तोडणीनंतर, म्हणजे बहुधा हिवाळ्या-उन्हाळ्यात पेटते. त्यामुळे जुलैच्या ढगांचा दोष त्याच्या माथी मारता येणार नाही. त्याची झळ बसते ती शेजारच्या वस्तीवरच्या म्हाताऱ्यांना आणि लेकरांना, त्याच रात्री. तेच पाचट कुट्टी करून सरीत अंथरले, तर जमिनीतली ओल टिकते.