दांतदुखीचा निरोप

खानदेशांतील हिंवाळा म्हणजे भरताचा हंगाम. जळगांवाजवळच्या आसोद्याचीं वांगीं कपाशीच्या काड्यांवर भाजावीं, हिरव्या मिरच्या सढळ हातानें ठेंचून त्यांत मिसळाव्या आणि कळण्याच्या भाकरीशीं सर्वांनीं पंगतीनें खावें, हा इकडील रिवाज. परंतु अशाच पंगतींत एखाद्याचा हात एकाएकीं गालाकडे जातो. धुळ्याच्या पहांटेच्या गारठ्यांत चूळ भरतांनाहि तोच अनुभव येतो. गार पाणी आणि मिरची या दोन भिन्न वस्तु. मग कळ एकच कां?

दांताच्या कठीण कवचांत मऊ गर असतो व त्यांत रक्तवाहिन्या आणि ज्ञानतंतु असतात. तंतूंच्या टोंकांवर सूक्ष्म दारें असून त्यांपैकीं एक उष्णतेनें आणि मिरचींतील कॅप्सेसिननेंहि उघडतें. डेव्हिड ज्युलियस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९९७ सालीं तें ओळखलें; २०२१ चें नोबेल पारितोषिक ज्युलियस यांस विभागून मिळालें. थंडी ओळखणारें एक निराळें दार दांत घडविणाऱ्या पेशींत असल्याचें त्याच वर्षीं उंदरांवरील प्रयोगांत दिसून आलें. लवंगेच्या तेलांतील युजेनॉल तें बंद करतें. आजीबाईंच्या बटव्यास असा शास्त्राचा आधार मिळाला.

दार उघडलें कीं निरोप तंतूंतून मेंदूच्या देंठापर्यंत धांवतो. तेथें तो एका पेशीकडून दुसरीकडे पोंचवितात तीं ग्लुटामेट व ‘सब्स्टन्स पी’ हीं रसायनें. दुसऱ्याचा शोध ऑइलर व गॅडम यांनीं १९३१ सालीं लाविला. हेंच रसायन दांताच्या गरांतहि स्रवतें. त्यामुळें रक्तवाहिन्या फुगतात व सूज येते. बोट सुजलें तर त्यास पसरावयास जागा असते. गर मात्र कठीण भिंतींत कोंडलेला. दाब वाढतो आणि कळेचा ठणका होतो. आडवें होतांच डोक्याकडे रक्ताचा ओघ वाढतो, म्हणून रात्र अधिक अवघड जाते.

खरा धोका पुढेंच आहे. पुष्कळ घरांतून लवंग धरून किंवा मशेरी लावून दिवस काढले जातात. मशेरी म्हणजे तंबाखूच. तिच्यानें कर्करोगाचें भय मात्र वाढतें. मग एके दिवशीं ठणका आपोआप थांबतो व सर्वांस हायसें वाटतें. वस्तुतः कित्येकदां आंतील गर मेलेला असतो. निरोप देणाराच उरलेला नसतो. जंतु मात्र मुळावाटे हाडांत शिरतच राहतात. मोठ्या कुटुंबांत सर्वांचें करतां करतां स्वतःचें दुखणें गिळणाऱ्या सासूबाई किंवा सूनबाई याच फसवणुकीस बळी पडतात. तेव्हां घरांत कोणाची दाढ दुखून थांबली असेल, तर समाधान मानण्यापूर्वीं तिला दंतवैद्यास दाखवावें. थांबलेली कळ ही बरें झाल्याची खूण असतेच असें नाहीं.