रविवार दोघांचा, पास महिन्याचा

बेताचा संसार : भाग ९

गेल्या भागात किराण्याच्या यादीतली गळती कशी थांबवायची ते पाहिलं. यादी आवळली, हप्ता भरला, गावी पैसे पाठवले, की हातात जे उरतं त्यात नवरा-बायकोनं रविवारी करायचं काय, हा प्रश्न राहतो. बरीच जोडपी ‘काही नाही, घरीच’ असं म्हणून तो मिटवतात. माझ्या मते संसारात सगळ्यात महाग पडणारं उत्तर तेच. वर्षभर एकमेकांशी फक्त गॅस, शाळेची फी आणि सासूबाईंच्या गोळ्या एवढ्यावरच बोलणं झालं, तर तो तोटा कुठल्याच वहीत मांडता येत नाही.

आजचा भाग मुंबई आणि तिच्या उपनगरांत राहणाऱ्या जोडप्यांसाठी आहे. इथं पैशाइतकीच जागेची टंचाई आहे. एका खोलीत सासू-सासरे, धाकटा दीर आणि नवं जोडपं असा संसार मुंबईला नवा नाही. १९७० साली राजा ठाकूर यांनी ‘मुंबईचा जावई’ हा चित्रपट याच विषयावर काढला आणि दोनच वर्षांनी बासू चटर्जी यांनी तो ‘पिया का घर’ म्हणून हिंदीत आणला. आज चाळीच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी वन-आरके आणि वन-बीएचकेमध्ये पाच-पाच माणसं राहतातच. दोघांना निवांत बोलायला भिंत नाही, ही अडचण पन्नास वर्षांत फारशी हललेली नाही.

म्हणूनच रविवारची जागा निवडताना मी एकच कसोटी लावते: तिथं किती वेळ बसू देतात? हॉटेलात चहा संपला की वेटर बिल आणून ठेवतो. मॉलमध्ये बसायला बाक शोधावा लागतो आणि तो सापडेपर्यंत दोन दुकानांत खरेदी झालेली असते. सुट्टीचा बहुतेक खर्च हा असा बसण्याच्या जागेसाठी होतो. ती जागा फुकट मिळाली, की राहतो तो प्रवास आणि खाणं.

प्रवासाचे पैसे तर तुम्ही आधीच भरलेले असतात. लोकलचा महिन्याचा पास ठरलेल्या दोन स्टेशनांमध्ये कितीही वेळा चालतो आणि रविवारीही चालतो. पण ऑफिसचा पास म्हणून सुट्टीच्या दिवशी तो पाकिटातून बाहेरच निघत नाही. दोघांचे पास समोरासमोर ठेवा. एकाचा डोंबिवली ते सीएसएमटी असेल आणि दुसरीचा डोंबिवली ते दादर, तर डोंबिवली ते दादर हा अख्खा पट्टा दोघांना त्या दिवशी फुकट आहे. ठाणे, मुलुंड, घाटकोपर, सायन, कुठंही उतरा. सायनला उतरलात तर सतराव्या शतकातला इंग्रजांचा किल्ला आहे, पायथ्याशी बाग आहे, वर जायला तिकीट नाही.

रविवारच्या लोकलचं आणखी एक सुख आहे. आठवडाभर ती लेडीज डब्यात आणि तो जनरलमध्ये, तोही दारात लटकून. एकाच गाडीनं जाऊनही दोघांचा प्रवास वेगळा. रविवारी सकाळी आठच्या सुमाराची गाडी पकडली तर जनरलमध्ये समोरासमोरच्या खिडक्या मिळतात. पाऊण-एक तास वाऱ्याची, बसायची जागा, आणि घरचं कुणी शेजारी नाही. मला तर ही सहलीचीच सुरुवात वाटते. फक्त मेगाब्लॉक सांभाळा. तो बहुधा साडेदहा-अकराला सुरू होऊन दुपारी चारच्या आसपास संपतो. कुठल्या मार्गावर आहे ते शनिवारच्या पेपरात येतं. दहाच्या आत पोचायचं आणि पाचनंतर परतायचं, म्हणजे प्लॅटफॉर्मवर ताटकळणं नको.

आता जायचं कुठं? माझी पहिली पसंती फोर्ट. आठवडाभर जिथं पाय ठेवायला जागा नसते, तो भाग रविवारी जवळजवळ रिकामा असतो. कचेऱ्या बंद, बरीच दुकानं बंद. सीएसएमटीला उतरा आणि स्टेशनातून लगेच बाहेर धावू नका. रस्ता ओलांडून समोर उभं राहून ती इमारत नीट पाहा. १८८८ मध्ये पूर्ण झालेली ही वास्तू फ्रेडरिक स्टीव्हन्स यांनी आखली, आणि समोरची महापालिकेची इमारतही त्यांचीच. दगडात कोरलेली माकडं, मोर, पानं, फुलं शोधायची. एकानं एक शोधायचं, दुसऱ्यानं दुसरं. २००४ पासून हे स्टेशन जागतिक वारशाच्या यादीत आहे, आणि आपण रोज त्यातून घड्याळाकडे बघत पळतो.

तिथून दादाभाई नौरोजी रस्त्यानं हुतात्मा चौकाकडे चला. या रस्त्यावर इमारतींच्या खालून कमानींचा पदपथ जातो, त्यामुळे उन्हातही सावली मिळते. पुढं काळा घोडा आणि १९५२ साली सुरू झालेली जहांगीर आर्ट गॅलरी. प्रवेश विनामूल्य. आत जायचा अनेकांना संकोच वाटतो, ‘आपल्याला चित्रातलं काय कळतं’ म्हणून. तो संकोच पहिल्या दहा मिनिटांत जातो. प्रदर्शनं साधारण आठवड्याला बदलतात आणि चित्रकार बहुतेक वेळा स्वतः तिथंच बसलेले असतात. त्यांना विचारा: हे कशावर काढलंय, किती दिवस लागले, हाच रंग का? विचारलं की ते मनापासून सांगतात. त्यानंतर घरी जाईपर्यंत दोघांना बोलायला विषय पुरतो. ‘तुला कुठलं आवडलं?’ या साध्या प्रश्नाची उत्तरं लग्नाला दहा वर्षं झालेल्या जोडप्यांनाही चकित करतात.

जहांगीरहून ओव्हल मैदान पाच-सात मिनिटांवर आहे. मैदानाच्या मधोमध उभं राहायचं. पूर्वेला मुंबई विद्यापीठ, १८७८ चा राजाबाई टॉवर आणि उच्च न्यायालय: टोकदार कमानी, दगडी मनोरे. प्रेमचंद रायचंद यांनी टॉवरसाठी देणगी दिली आणि आईचं नाव त्याला मिळालं. आता पाठ फिरवा. पश्चिमेला १९३० च्या दशकातल्या आर्ट डेको इमारती: गोलसर कोपरे, जहाजासारख्या बाल्कन्या, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे, फाटकावर उगवत्या सूर्याची किरणं. समुद्र हटवून मिळवलेल्या जमिनीवर ही दुसरी रांग उभी राहिली. म्हणजे एका मैदानाच्या दोन कडांना दोन काळ उभे आहेत, आणि या सगळ्या समूहाला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला. पश्चिमेकडच्या इमारतींची नावं वाचत चाला. प्रत्येकीच्या अक्षरांचं वळण निराळं आहे. ‘आपलं घर झालं तर नाव काय द्यायचं?’ हा विषय तिथं आपोआप निघतो. निघू द्या. परवडत नाही म्हणून स्वप्नावरही बोलायचं नाही, असं करू नये.

पुढं मरीन ड्राइव्ह. साडेतीन किलोमीटरचा कठडा, आणि कितीही वेळ बसलात तरी कुणी उठवत नाही. माझ्या कसोटीला मुंबईत याहून पक्की उतरणारी जागा नाही. पाय दुखले तर सीएसएमटीला परत यायला बस आहे. मे २०२५ पासून बेस्टचं किमान भाडं दहा रुपये झालंय, तरी रिक्षा-टॅक्सीपुढे ते काहीच नाही.

समुद्रावर जायचं तर आधी भिंतीवरचं कालनिर्णय बघा. किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून भरती काढतात: तिथीच्या आकड्याला पाऊणनं गुणायचं, की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमी असेल तर आठ पाऊणे सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती. त्यानंतर सहाएक तासांनी ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला पंधरा पाऊणे सव्वाअकरा, प्रत्यक्षात थोडं पुढे-मागे. म्हणजे त्या तिथींच्या जवळच्या रविवारी संध्याकाळी पाणी खूप आत गेलेलं असतं. गिरगाव, जुहू किंवा दादरला चालायला रुंद ओली वाळू मिळते. पौर्णिमा असेल तर सूर्य समुद्राकडे बुडतो त्याच सुमाराला शहराच्या बाजूनं चंद्र वर येतो. हाजी अली आणि वांद्र्याच्या खडकांवर अशा ओहोटीला पाण्याच्या डबक्यांत खेकडे आणि फुलासारखे दिसणारे समुद्री जीव सापडतात. बघायचं, उचलायचं नाही. खडक शेवाळानं निसरडे असतात आणि पाणी परत भरायला वेळ लागत नाही, म्हणून पावसाळ्यात त्या खडकांवर अजिबात उतरू नका.

लांब जायला नको वाटलं तर आपल्याच बाजूला पाहा. कल्याणच्या पुढं अंबरनाथला स्टेशनपासून चालत जाण्यासारख्या अंतरावर १०६० सालच्या शिलालेखाचं शिलाहारकालीन शिवमंदिर आहे. पश्चिम रेल्वेवाल्यांना वसईचा किल्ला आहे, चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून घेतलेला. पडक्या चर्चच्या कमानींखाली दुपारीही गारवा असतो, मात्र अंधार पडायच्या आत तिथून निघा. भायखळ्याच्या राणीच्या बागेला तिकीट आहे, पण पेंग्विनच्या रांगेत न जाता झाडं पाहायला गेलात तर सकाळ वसूल होते: गोरखचिंच, कैलासपती आणि फुलली असेल तर उर्वशी. बुधवारी ती बंद असते. काळा घोडा महोत्सव, दिवाळी पहाट, गावोगावच्या व्याख्यानमाला यांचा उल्लेख फक्त आठवण म्हणून करते. त्यांच्या तारखा स्थानिक पुरवणीत येतात.

बजेट खरं कोसळतं ते खाण्यात. त्यावर एक सोपा उपाय आहे: भेळ घरून न्यायची, पण कालवून नाही. मोठ्या डब्यात कुरमुरे आणि फरसाण. दुसऱ्या छोट्या डब्यात चिरलेला कांदा, उकडलेला बटाटा, कोथिंबीर. औषधाच्या स्वच्छ धुतलेल्या बाटलीत चिंच-गुळाची चटणी. टोमॅटो आणि लिंबू अख्खे न्यायचे आणि तिथंच चिरायचे, नाहीतर गाडीतच सगळं पिचपिचीत होतं. चमच्याऐवजी पुऱ्या. सोबत दशम्या किंवा थालीपीठ असेल तर दुपारचं जेवणही भागतं. चहा मात्र बाहेर प्या, टपरीवरचा, दोन कटिंग. रविवारी काहीच विकत घ्यायचं नाही असा कडक नियम केला की दोन रविवारांत तो मोडतो आणि मग सगळाच बेत मोडतो.

आता दोन अडचणी, ज्यांच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. पहिली स्वच्छतागृहाची. फुकटच्या जागी बाई किती वेळ थांबू शकते हे बऱ्याचदा यावरच ठरतं. मुंबईत २०११ पासून महिलांच्या मोफत आणि स्वच्छ मुताऱ्यांसाठी ‘राइट टू पी’ ही चळवळ चालली, ती उगाच नाही. कित्येक जणी बाहेर जायचं म्हणून सकाळपासून पाणी पीत नाहीत, आणि त्याचा त्रास पुढं डॉक्टरकडे पैसे मोजून निस्तरावा लागतो. त्यामुळे मार्ग आखतानाच गॅलरी, मोठं स्टेशन, उद्यान असे थांबे मध्ये ठेवा. हे बायकोनं सांगायची वाट न बघता नवऱ्यानं आधी विचारात घ्यावं.

दुसरी अडचण टोकणाऱ्यांची. ऑगस्ट २०१५ मध्ये मढ-अक्सा भागातल्या हॉटेलांतून पोलिसांनी जोडप्यांना उचललं आणि त्यावर चहूकडून टीका झाली, हे अनेकांना आठवत असेल. ती धास्ती अजून गेलेली नाही. शेजारी बसणं, हात हातात घेणं हा गुन्हा नाही. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं एका तरुण विवाहित जोडप्यावरचा अश्लीलतेचा गुन्हा रद्द करताना त्यांच्या प्रेमाच्या अशा व्यक्त होण्याला अश्लीलता म्हणता येत नाही, असंच म्हटलं होतं. कुणी दटावलं तर वाद न वाढवता वर्दळीच्या जागी जा, पण मान खाली घालून जाऊ नका.

आणि घरून निघायचं कसं? ‘आम्ही दोघंच जातोय’ हे वाक्य कित्येक घरांत उच्चारताच येत नाही. त्यासाठी माझा सल्ला असा: महिन्यातले दोन रविवार घरच्यांचे आणि दोन तुमचे, हे सुरुवातीलाच उघड सांगून टाका. घरच्यांच्या रविवारी आईंना देवळात न्या, दिराबरोबर क्रिकेट बघा, तिच्या माहेरी जाऊन या, मनापासून. मग तुमच्या रविवारी फारसं कुणी तोंड वाकडं करत नाही. पाणी सकाळी सहाला येत असेल तर ते भरून, भाजी चिरून, साडेसातला बाहेर पडा. मुलं लहान असतील तर त्याच वयाची मुलं असलेल्या शेजाऱ्यांशी अदलाबदल ठरवा: एका रविवारी तुमची त्यांच्याकडे, पुढच्या रविवारी त्यांची तुमच्याकडे. बाहेर पडल्यावर दोघांपैकी एकाचाच फोन चालू ठेवा, घरच्या निरोपासाठी. दुसरा पिशवीत, भेळेच्या डब्याखाली.

(पुढील रविवारी : भाड्याच्या घराचा करार आणि अनामत रक्कम)