कादंबरी रंगमंचावर येते तेव्हा सांगणारा कुठे जातो?

आवडत्या कादंबरीचं नाटक पाहायला निघताना आपल्याला काळजी असते ती पात्रांची. मनात बसलेला चेहरा आणि समोरचा नट जुळतील का? मला मात्र काळजी वाटते ती निवेदकाची. कादंबरीत तो दिसत नाही, पण वाक्यन् वाक्य त्याच्या तोंडचं असतं. नाटकात पात्रं स्वतःच बोलू लागतात आणि त्यांच्याविषयी बोलणारा हा माणूस तालमीच्या पहिल्याच दिवशी बेघर होतो. आजवरची रूपांतरं मी तपासतो ती याच एका प्रश्नावर: त्याचं काय केलं?

या प्रश्नाला सर्वांत धीटपणे भिडलं ते मॉस्को आर्ट थिएटर. 1910 साली थिएटरचे एक संस्थापक स्तानिस्लावस्की आजारी होते, मॉस्कोपासून दूर होते. त्या काळात दुसरे संस्थापक नेमिरोविच-दान्चेन्को यांनी दस्तयेवस्कीची ‘करामाझव बंधू’ दोन रात्रींच्या प्रयोगात बसवली. अख्खी कादंबरी मावणं शक्यच नव्हतं. त्यांनी निवडक प्रसंग घेतले, नेपथ्य अगदी मोजकं ठेवलं आणि रंगमंचाच्या कडेला एक वाचक बसवला. दोन प्रसंगांमधलं अंतर तो वाचून भरून काढी. इव्हानला सैतान भेटतो तो प्रवेश वासिली काचालोव यांनी एकट्याने केला. इव्हान तेच आणि सैतानही तेच, सुमारे अर्धा तास. सैतान बाहेरून आला की इव्हानच्याच तापलेल्या डोक्यातून, ही कादंबरीतली शंका एका नटाच्या देहातच उभी राहिली. वाचनाने जे कळतं त्याहून वेगळं काही रंगभूमी देऊ शकते, याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही.

वीस वर्षांनी, 1930 मध्ये, टॉलस्टॉयच्या ‘पुनरुत्थान’च्या वेळी हेच काचालोव लेखकाच्या वतीने बोलणारे झाले. यावेळी सांगणारा कडेला बसून राहिला नाही. हातात पेन्सिल घेऊन तो पात्रांमध्ये वावरे, त्यांच्या मनातलं सांगे, त्यांचा न्यायही करी. कीर्तन ऐकत वाढलेल्या आपल्या माणसाला यात परकं काहीच वाटू नये. आख्यान लावणारा बुवा क्षणात राजा होतो, क्षणात राणी, आणि पुन्हा बुवा होऊन आपल्याशी बोलतो.

सांगणारा हरवला तर काय होतं, हे मिखाइल बुल्गाकोव यांनी सोसलं. याच थिएटरसाठी गोगोलच्या ‘मृत आत्मे’चं रूपांतर त्यांच्याकडे आलं. गोगोलने ती कादंबरी बरीचशी रोममध्ये लिहिली, म्हणून रोममध्ये बसून रशियाकडे पाहणारं एक निवेदक पात्र त्यांनी योजलं होतं. ते गळालं. 1932 साली प्रयोग आला, त्यातले जमीनदार जिवंत झाले, पण गोगोलचं ते दुरून पाहणं त्यात उरलं नाही. त्याआधी 1926 मध्ये ‘श्वेत रक्षक’ या स्वतःच्याच कादंबरीवरून त्यांनी ‘तुर्बिनांचे दिवस’ लिहिलं होतं. तिथे तर त्यांनी डॉक्टर अलेक्सेईला कर्नल केलं आणि इतर दोन अधिकाऱ्यांचं आयुष्य त्याच्यात मिसळलं. स्वतःच्या कादंबरीवर इतकी निर्दय कात्री चालवायला लेखकाला मोठं बळ लागतं.

लंडनमध्ये 1980 साली डेव्हिड एडगर यांनी रॉयल शेक्सपियर कंपनीसाठी डिकन्सची ‘निकोलस निकल्बी’ रूपांतरित केली. दोन भाग मिळून सुमारे साडेआठ तास. निवेदन सगळ्या नटसंचात वाटलं होतं; कुणीही मध्येच गोष्ट पुढे नेई आणि पुन्हा आपल्या भूमिकेत शिरे. डिकन्सच्या गर्दीला हेच साजतं.

आपल्याकडे श्री. ना. पेंडसे यांनी 1952 ची ‘गारंबीचा बापू’ स्वतःच नाटकात आणली. काशिनाथ घाणेकरांचा बापू गाजला. प्रेक्षकांनी त्या बंडखोरावर जीव टाकला, आणि ते योग्यच होतं. पण कादंबरीत बापूला घडवतं ते गाव: त्या बागा, तो समुद्र, ती कुजबुज. निवेदक गेला की गावाचा मोठा भाग त्याच्याबरोबर जातो. उत्तम बंडू तुपे यांच्या ‘झुलवा’ने ही उणीव वेगळ्या वाटेने भरली. चेतन दातार यांचं रूपांतर आणि वामन केंद्रे यांचं दिग्दर्शन असलेल्या 1987 च्या त्या नाटकात सांगण्याचं काम जोगत्या-जोगतिणींच्या गाण्याने आणि चौंडक्याने उचललं. यल्लमाला वाहिलेल्या बायकांचं दुःख त्यांच्याच विधींच्या ठेक्यात ऐकू येतं तेव्हा वेगळा निवेदक लागत नाही. मराठी रूपांतरांत मी ‘झुलवा’ला सर्वांत वर ठेवतो ते यासाठीच.

विश्राम बेडेकर यांच्या ‘रणांगण’चा (1939) विचार मी याच अंगाने करत राहतो. युरोपातून परतणारी बोट, तिच्यावर जर्मनीतून परागंदा झालेले ज्यू, त्यांतली हॅर्टा, आणि हे सारं सांगणारा चक्रधर. डेकवर हॅर्टाशी बोलणाऱ्या चक्रधरला पुढचं काही माहीत नाही. सांगणाऱ्या चक्रधरला सगळं माहीत आहे. दोघांसाठी दोन नट घ्यावेत, की काचालोव यांच्यासारखं दोघांचंही ओझं एकाच्या खांद्यावर द्यावं? मी दिग्दर्शक असतो तर एकच नट घेतला असता.