पायांवरील शिरा आणि त्यांवरील उपचार : कोणता, कोणासाठी?

आपल्या सभासदांपैकी कितीतरी बंधु-भगिनींचा दिवस उभ्याने जातो. शिक्षक, परिचारिका, बस कंडक्टर, वाहतूक पोलीस, सुरक्षारक्षक, साड्यांच्या दुकानातील विक्रेत्या, खाणावळीत पोळ्या लाटणाऱ्या भगिनी, कारखान्यात यंत्रासमोर पाळी करणारे कामगार. अशांच्या पायांवर चाळिशीच्या आसपास, कधी त्याआधीही, बारीक तांबड्या-जांभळ्या रेषांचे जाळे उमटते. काहींच्या पोटरीवर दोरीसारख्या वळणावळणाच्या निळ्या शिरा फुगून येतात. पहिल्या प्रकाराला कोळ्याच्या जाळ्यावरून स्पायडर व्हेन्स म्हणतात, दुसऱ्याला व्हेरिकोज व्हेन्स. बोलण्यात मात्र आपण दोहोंनाही "नसा फुगल्या" असे म्हणून मोकळे होतो आणि घोटाळा येथूनच सुरू होतो. ज्याला उपचाराची गरज नाही तो जाहिरात पाहून हजारो रुपये घालवून बसतो. आणि ज्याच्या घोट्याजवळची कातडी काळी पडू लागली आहे तो "उभ्याचे काम आहे, व्हायचेच" असे म्हणत वर्षानुवर्षे तेल चोळत राहतो. या दोघांनाही डोळ्यांसमोर ठेवून प्रस्तुत लेखात आम्ही निरनिराळ्या उपचारांची तुलना करीत आहोत.

रक्ताची परतीची वाट

हृदयाकडून शरीरभर रक्त नेते ती रोहिणी आणि ते परत आणते ती नीला, हे आपले विद्यार्थी शाळेत शिकतात. नीलेलाच व्यवहारात शीर म्हणतात. आम्हीही येथे तोच शब्द वापरतो. माणूस उभा असताना पावलातील रक्ताला हृदयापर्यंत सरळ चढ चढावा लागतो. हे काम मुख्यत्वे पोटरीचे स्नायू करतात. आपण चालतो तेव्हा हे स्नायू आवळतात, आतल्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त वर ढकलले जाते. वर गेलेले रक्त पुन्हा खाली येऊ नये म्हणून शिरांमध्ये ठिकठिकाणी एकाच दिशेने उघडणाऱ्या झडपा असतात. इटलीतील पदुआ विद्यापीठाचे शरीरशास्त्रज्ञ फॅब्रिशियस यांनी १६०३ साली या झडपांवर पुस्तक लिहिले, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना नीटसे उमगले नाही. ते त्यांचा विद्यार्थी विल्यम हार्वे याने ओळखले आणि १६२८ साली रक्ताभिसरणावरील आपल्या ग्रंथात मांडले.

झडप सैल झाली की वर चढलेले रक्त खाली झिरपते, खालच्या शिरेवर भार येतो, ती ताणली जाते आणि मग तिचीही झडप मिटेनाशी होते. नुसते उभे राहणे वाईट ते यासाठी की त्यात पोटरीचा पंप बंद असतो. चालण्यात तो चालू असतो. याशिवाय आनुवंशिकता, बाळंतपणे, वय आणि वजन ही कारणे आहेतच. आई-वडिलांपैकी कोणाला हा त्रास असेल तर मुलांना होण्याचा संभव वाढतो. पायावर पाय टाकून बसल्याने शिरा येतात ही समजूत घरोघरी आहे, परंतु तिला भक्कम आधार मिळालेला नाही.

डॉक्टर या शिरांची वर्गवारी जाडीवरून करतात. एक मिलिमीटरपेक्षा बारीक, कातडीतच असलेली ती जाळीची शीर. एक ते तीन मिलिमीटरची, कातडीखालून निळसर-हिरवट दिसणारी ती मधली. तीन मिलिमीटरपेक्षा जाड, उभे राहिल्यावर फुगणारी ती व्हेरिकोज. पुढच्या पायऱ्या म्हणजे सूज, कातडी काळवंडणे व निबर होणे, आणि सर्वांत शेवटी घोट्याच्या वर होणारी, महिनोन् महिने न भरणारी जखम. जगभर शून्य ते सहा अशी ही श्रेणी वापरली जाते. तीत नुसती जाळी पहिल्या पायरीवर असते आणि उघडी जखम सहाव्या. जाळी असलेल्या प्रत्येकाला जखम होते असे मुळीच नाही. बहुसंख्य लोकांची जाळी आयुष्यभर जाळीच राहते व दिसण्यापलीकडे काही त्रास देत नाही. अशांनी काहीच उपचार केला नाही तरी चालते, हा पर्याय जाहिरातीत कधी छापला जात नाही म्हणून आम्ही तो मुद्दाम आधी सांगतो.

मात्र पाय जड वाटणे, संध्याकाळी घोटा सुजणे, रात्री पोटरीत गोळे येणे, कातडीला खाज व काळपटपणा, किंवा जाड शिरा दिसणे यांपैकी काही असेल तर कलर डॉपलर ही सोनोग्राफी करून घ्यावी. तिच्यात सुई नाही, वेदना नाही. झडप गळते की नाही हे पाहावयाचे असल्याने ही तपासणी रुग्णाला उभे करून व्हावयास हवी; केवळ आडवे झोपवून केलेल्या तपासणीत गळती निसटू शकते. हा खर्च वाचवून थेट उपचार करणे म्हणजे वरच्या मजल्यावरचा नळ गळत असताना खालच्या भिंतीला रंग देणे होय. जाळीला रक्त पुरवणारी जाड शीर गळकी असेल तर वरवरची जाळी कितीही बुजविली तरी ती पुन्हा उमटते. म्हणून क्रम नेहमी जाडीकडून बारकीकडे असा असतो.

दाबाचे मोजे

सर्वांत साधा उपाय म्हणजे दाबाचे मोजे. यांची कथा मोठी रंजक आहे. अमेरिकेतील कॉनराड जॉब्स्ट हे व्यवसायाने अभियंते होते व त्यांना स्वतःला पायाच्या जखमांचा त्रास होता. पोहण्याच्या तलावात उभे राहिले की पायांना आराम पडतो हे त्यांच्या लक्षात आले. पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढतो, म्हणजे घोट्यावर सर्वांत जास्त आणि वर कमी कमी. हाच चढउतार त्यांनी १९५० च्या सुमारास मोज्यांच्या विणीत आणला.

या मोज्यांनी सूज व जडपणा कमी होतो, जखम भरण्यास मदत होते. पण आलेली जाळी पुसली जात नाही आणि बिघडलेली झडप दुरुस्त होत नाही. मोजा माप घेऊनच घ्यावा. सकाळी उठल्याबरोबर, सूज चढण्यापूर्वी घालावा व रात्री काढावा. मुंबईच्या मे महिन्यात हे पाळणे किती कठीण आहे ते आम्हांस ठाऊक आहे. म्हणूनच बहुतेकांचे मोजे कपाटात पडून असतात. एक सावधगिरी मात्र अवश्य घ्यावी. मधुमेही व विडी-सिगारेट ओढणाऱ्यांच्या पायाच्या रोहिण्या अरुंद झालेल्या असू शकतात. अशा पायावर घट्ट मोजा चढविल्यास उलट अपाय होतो, तेव्हा आधी पायाची नाडी तपासून घ्यावी.

जाळीसाठी : सुई की लेझर?

जाळी दिसू नये एवढीच इच्छा असेल तर दोन मार्ग आहेत. पहिला इंजेक्शनने शीर बुजविण्याचा, ज्याला स्क्लेरोथेरपी म्हणतात. केसासारख्या बारीक सुईने शिरेत पॉलिडोकॅनॉल किंवा सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे औषध सोडतात. त्याने शिरेचे आतले अस्तर दुखावते, भिंती एकमेकींना चिकटतात आणि काही आठवड्यांत शरीर ती शीर जिरवून टाकते. पॉलिडोकॅनॉल मुळात जागा बधिर करण्याचे औषध म्हणून १९३० च्या दशकात तयार झाले, त्यामुळे टोचताना फारसे दुखत नाही. भूल लागत नाही. लगेच चालावयास सांगतात. एका बैठकीत काम होत नाही. काही आठवड्यांच्या अंतराने दोन-चार बैठका लागतात.

याचे तोटेही सांगितले पाहिजेत. शीर होती तेथे तपकिरी डाग राहू शकतो. तो रक्तातील लोहाचा असतो व बहुधा काही महिन्यांत, कधी वर्षभराने फिका पडतो. कधी त्याच जागी आणखी बारीक तांबडी जाळी उठते. औषध शिरेबाहेर गेल्यास लहानशी जखम होते. तीव्र ॲलर्जी किंवा खोल शिरेत गुठळी होणे हे क्वचित घडते, पण घडते. म्हणून हे काम ब्युटी पार्लरमध्ये करून घेण्याचे नाही. गरोदरपणी हा उपचार करीत नाहीत. त्या काळात आलेली जाळी बाळंतपणानंतर काही महिन्यांत पुष्कळदा आपोआप ओसरते, तेव्हा थांबणेच शहाणपणाचे.

दुसरा मार्ग कातडीवरून मारावयाच्या लेझरचा. त्याचा प्रकाश रक्तातील तांबडे द्रव्य शोषून घेते, ते तापते आणि शीर करपते. पण आपल्या कातडीतील सावळा रंगही हाच प्रकाश शोषतो. गोऱ्या कातडीसाठी सोयीच्या असलेल्या लहान तरंगलांबीच्या लेझरने आपल्याकडे भाजणे, काळे किंवा पांढरे डाग पडणे असे प्रकार होऊ शकतात. सावळ्या रंगास १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित मानला जातो, कारण तो कातडीच्या रंगात कमी अडकतो व खोल जातो. तरीही पायांवरील जाळीसाठी पहिली पसंती सहसा सुईलाच दिली जाते. सुई शिरू शकणार नाही इतक्या बारीक रेषा, किंवा सुईची फार भीती असणारा रुग्ण, यांच्यासाठी लेझर राखून ठेवावा असे आमचे मत आहे.

दोन्हींपैकी काहीही केले तरी पुढे नव्या शिरा येऊ शकतात. "कायमची सुटका" असे कोणी सांगत असेल तर तेथून उठून यावे.

जाड शिरांसाठी

आता "लेझर" या शब्दाबद्दल. एकाच नावाचे हे दोन वेगळे उपचार आहेत आणि फलकांवर त्यांचा फरक दिसत नाही. वर सांगितला तो कातडीवरचा. दुसऱ्यात जांघेपर्यंत जाणाऱ्या गळक्या शिरेच्या आत बारीक तार घालून ती आतून तापवून बंद करतात. हे काम रेडिओलहरींनीही होते. रेडिओलहरींची पद्धत १९९० च्या दशकाच्या अखेरीस आणि लेझरची त्याच सुमारास रूढ झाली. शिरेभोवती बधिर करणारे द्रव टोचतात, आणि रुग्ण बहुधा त्याच दिवशी चालत घरी जातो. त्यापूर्वी सुमारे शंभर वर्षे जांघेत छेद घेऊन शीर बांधणे व ओढून काढणे हीच शस्त्रक्रिया होती. ती आजही वाईट नव्हे, पण विश्रांती अधिक लागते व पाय अधिक काळानिळा होतो. याखेरीज औषधाचा हवेशी फेस करून तो सोनोग्राफीत पाहत शिरेत सोडतात, आणि अलीकडे वैद्यकीय गोंदाने शीर चिकटवण्याचीही पद्धत आली आहे. ती महाग पडते. फेसाच्या उपचारानंतर काहींना थोडा वेळ अंधारी येते, म्हणून अर्धशिशी असणाऱ्यांनी डॉक्टरांना आधी सांगावे.

यांत सरस कोण? ब्रिटनमध्ये ७९८ रुग्णांवर लेझर, फेस व शस्त्रक्रिया यांची तुलना झाली. पाच वर्षांनंतरचे निष्कर्ष २०१९ साली प्रसिद्ध झाले. शिरांच्या त्रासाच्या दृष्टीने लेझर व शस्त्रक्रिया झालेल्यांची स्थिती फेसवाल्यांपेक्षा बरी आढळली. त्याआधी २०१३ साली तेथील नाइस या शासकीय संस्थेने उष्णतेचा उपचार पहिला, तो शक्य नसल्यास फेस, आणि तोही जमत नसल्यास शस्त्रक्रिया असा क्रम सुचविला होता.

जखम झालेल्यांबाबत आणखी एक महत्त्वाची गोष्ट पुढे आली. पूर्वी जखम पट्टी बांधून भरू द्यावी, शिरेचे मग पाहू, असा रिवाज होता. ब्रिटनमध्येच ४५० रुग्णांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात पट्टीबरोबरच गळकी शीर लवकर बंद केलेल्या गटात जखम भरण्याचा मध्यक काल ५६ दिवस आढळला, थांबलेल्या गटात ८२ दिवस. रोजंदारीवर जगणाऱ्या घरात सव्वीस दिवस म्हणजे काय हे वाचकांना सांगावयास नको. म्हणून दोन आठवडे झाले तरी घोट्यावरची जखम भरत नसेल तर मलमे बदलत बसू नये.

खर्च आणि काम

केवळ दिसण्यासाठी केलेल्या उपचाराचा खर्च आरोग्य विमा सहसा देत नाही, आणि अनेक पॉलिसींत व्हेरिकोज शिरांसाठी प्रतीक्षाकाल असतो. कागद आधी वाचावा. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतील रुग्णालयात आरोग्यमित्र असतो, त्याला आपला उपचार यादीत बसतो का हे दाखल होण्यापूर्वी विचारावे. खाजगी ठिकाणी सांगितलेली रक्कम एका पायाची की दोन्ही, किती बैठकांची, डॉपलर व मोजे धरून की वेगळे, हे लिहून घ्यावे.

उपचार घेऊन पुन्हा दहा तास एका जागी उभे राहावयाचे असेल तर पैसे निम्मे वाया गेले असे समजा. दर अर्ध्या तासाने टाचा वीस-पंचवीस वेळा उचलाव्यात, चार पावले चालावे, घरी आल्यावर पाय उशीवर ठेवून पडावे. उभ्याने काम करणाऱ्यास बसण्याची सोय मागण्यात लाजण्यासारखे काही नाही. १९४८ च्या कारखाने अधिनियमाच्या कलम ४४ मध्येच तशी तरतूद करण्यात आली होती. केरळात कापड दुकानांतील स्त्रियांनी आंदोलन केल्यावर २०१८ साली दुकानांसाठीही बसण्याचा हक्क कायद्यात आला, आणि तामिळनाडूने २०२१ साली तसेच केले.

दोन प्रसंगी मात्र सवडीची वाट पाहू नये. एकच पाय अचानक सुजला, दुखू लागला, गरम लागला तर खोल शिरेत गुठळी असू शकते. त्याच दिवशी रुग्णालयात जावे, पाय चोळू नये. त्याबरोबर दम लागला किंवा छातीत दुखले तर क्षणाचाही उशीर नको. दुसरे असे की घोट्याजवळची फुगलेली शीर कधी नुसत्या खरचटण्याने फुटते व रक्ताची धार लागते. माणूस घाबरून उभा राहतो किंवा खुर्चीवर बसतो, आणि त्यामुळेच रक्त अधिक जाते. त्याला ताबडतोब जमिनीवर आडवे करावे, पाय छातीपेक्षा वर उचलून धरावा, आणि स्वच्छ फडक्याची घडी त्या जागी दहा मिनिटे न सोडता दाबून ठेवावी. मांडीला दोरी आवळून बांधू नये. धार थांबली तरी घडीवर पट्टी बांधून रुग्णाला आडव्यानेच रुग्णालयात न्यावे.