मोर्चा, नेटबंदी आणि आपला गल्ला

शहरात मोर्चा निघाला, कुठे दगड पडला, की पूर्वी आपण शटर अर्धे खाली ओढून वाट पाहायचो. आता शटर सताड उघडे असले तरी कारोबार ठप्प होतो, कारण मोबाइलचे इंटरनेट बंद केलेले असते. नोव्हेंबर २०२१ मध्ये अमरावतीत, जून २०२३ मध्ये कोल्हापुरात आणि त्याच वर्षी मराठा आरक्षण आंदोलनाच्या वेळी बीड-जालना भागात हे घडले. ज्याचा मोर्चाशी काडीचा संबंध नाही तो शिंपी, तो मागवालाही यात अडकतो. सबब, व्यापारी बांधवांनी हा विषय नीट समजून घेतला पाहिजे.

बंद नेमके काय होते? बहुतेक हुकूम मोबाइल डेटापुरते असतात. साधे कॉल चालू राहतात. एकगठ्ठा जाणारे एसएमएस कधीकधी थांबवतात, पण २०२३ साली हरियाणात नूह येथे ते थांबवताना बँकेचे आणि रिचार्जचे संदेश वगळले होते. तारेने आलेले ब्रॉडबँड अनेकदा सुरू असते. म्हणून नाक्यावर कोणी "सगळे बंद आहे" म्हणाला तरी तेवढ्यावर जाऊ नये, हुकमाची प्रत मिळवून वाचावी.

डेटा गेला की भिंतीवरचा क्यूआर कोड नुसते चित्र होऊन राहतो. जमा रक्कम मोठ्याने सांगणारा डबाही मुका होतो, कारण त्याच्या पोटातही सिमकार्डच असते. अशा वेळी *९९# ही सोय उपयोगी आहे. बँकेत नोंदलेल्या नंबरावरून हे आकडे फिरवले की इंटरनेटशिवाय शिल्लक कळते आणि एका वेळी ५,००० रुपयांपर्यंत रक्कम पाठवता येते; पिन तोच, यूपीआयचा. साध्या बटणाच्या फोनवरही ते चालते. मध्येच तुटते, पुन्हा पहिल्यापासून करावे लागते, हेही खरे. २०२२ मध्ये आलेली यूपीआय १२३पे ही साध्या फोनसाठीचीच दुसरी सोय. तिची मर्यादा पुढे १०,००० करण्यात आली. दोन्ही गोष्टी शांततेच्या दिवसांत वापरून हात बसवावा. गोंधळाच्या दिवशी शिकायला बसलात तर काही जमणार नाही.

गुरुवारी मजुरी वाटायची आणि बुधवारी नेट गेले तर कारागिराच्या घरची चूल कशी पेटेल? माझे मत स्पष्ट आहे, एका आठवड्याच्या मजुरीइतकी रोकड गल्ल्यात असलीच पाहिजे. सगळा पैसा मोबाइलमध्ये ठेवण्याची जी नवी ऐट आली आहे ती मला पटत नाही. मात्र एकाच माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांवर रोख दिले तर तो खर्च आयकरात साधारणपणे मान्य होत नाही, तेव्हा मोठी देणी आधीच खात्यातून चुकती करावीत.

माल पाठवणाऱ्यांची अडचण निराळी आहे. ई-वे बिल बहुतेक जण इंटरनेटवरूनच काढतात. परंतु त्याचा पहिला भाग आधी भरून ठेवता येतो, तो १५ दिवस चालतो. गाडीचा नंबर नंतर टाकायचा. नेटबंदीत हे काम दुसऱ्या गावचा भाऊबंद करू शकतो, पण त्याला आपला पासवर्ड सांगू नये. पोर्टलवर सब-युजर नेमण्याची सोय आहे, ती आपल्याकडे फारच थोडे लोक वापरतात. हिशेबनिसापासून ट्रान्सपोर्टच्या पोऱ्यापर्यंत सर्वांना एकच पासवर्ड ठाऊक, हा प्रकार मी बाजारात रोज पाहतो.

सरकारला हवे तेव्हा, हवे तितके दिवस नेट बंद ठेवता येत नाही. काश्मीरमध्ये ५ ऑगस्ट २०१९ नंतर झालेल्या बंदीवर सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी निकाल दिला. इंटरनेटवरून व्यापार करण्याला घटनेच्या कलम १९(१)(छ) चे संरक्षण आहे, बेमुदत बंदी चालणार नाही आणि हुकूम जाहीर केले पाहिजेत, असे त्यात म्हटले आहे. २०२४ च्या नियमांप्रमाणे हुकमात कारण आणि इलाखा लिहावा लागतो, मुदत १५ दिवसांपेक्षा जास्त नसते आणि समितीने पाच दिवसांत फेरविचार करायचा असतो. व्यापारी संघटनांनी प्रत मागावी, नुकसानीचा हिशेब लिहून अर्ज द्यावा. तोंडी तक्रारीला कचेरीत किंमत नसते.

नेट परत आले की दुसरा धोका सुरू होतो, तो म्हणजे पुढे ढकललेले संदेश. व्हॉट्सअॅपचा मजकूर २०१६ पासून कुलूपबंद जातो, वाटेत कोणी वाचू शकत नाही. तरी कोणी कोणाला केव्हा संदेश धाडला याची माहिती कंपनीकडे असू शकते, आणि ग्रुपमधला कोणीही पडद्याचा फोटो काढून बाहेर देऊ शकतो. बाजाराच्या ग्रुपचे चालक अशा दिवसांत घाबरलेले असतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये सांगितले आहे की सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी, संगनमत नसेल तर, केवळ ग्रुपचालक म्हणून कोणी गुन्हेगार ठरत नाही. तरीही त्या काळात ग्रुपवर फक्त चालकालाच लिहिता येईल असे करून ठेवणे शहाणपणाचे.

राहिला दुकानाचा कॅमेरा. रस्त्याकडे तोंड केलेल्या कॅमेऱ्यात मोर्चातली शेकडो तोंडे साठतात. ती लोकांची अमानत आहे. त्यातला तुकडा हौसेने ग्रुपवर टाकू नये, त्यावरून भलत्याच मुलाचे नाव घेतले जाऊ शकते. पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली चित्रण लेखी मागता येते. तसे पत्र आले तर प्रत द्यावी, पोच घ्यावी आणि मूळ चित्रण जपून ठेवावे, कारण डिस्क भरली की यंत्र जुने आपोआप पुसते. कोर्टात प्रतीसोबत साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चे प्रमाणपत्र लागते. आणि यंत्राचे घड्याळ आजच तपासा. पुष्कळ दुकानांत ते दहा-वीस मिनिटे मागेपुढे असते, आणि अमुक माणूस अमुक वेळी तेथे होता की नव्हता हे त्या मिनिटांवरच ठरते.