स्वादुपिंडाच्या तपासण्या : कोणती, केव्हा व कशासाठी?

जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवे वसलेले स्वादुपिंड सुमारे १५ सेंटिमीटर लांबीचे असते. पाचक रस व इन्सुलिन निर्माण करणारा हा अवयव इतका खोलवर असतो, की हाताने तपासून त्याचा अंदाज क्वचितच येतो. म्हणून प्रतिमा-तपासण्यांचा आधार घ्यावा लागतो. ‘सर्वांत मोठी तपासणी आधीच का करीत नाही?’ असे नातेवाईक आम्हांस नेहमी विचारतात. त्यांच्यासाठी हे विवेचन.

पहिली पायरी बहुधा सोनोग्राफीची. तीत क्ष-किरण नसतात व खर्चही कमी येतो. स्वादुपिंडदाहाचे एक प्रमुख कारण असलेले पित्ताशयातील खडे तीत चांगले दिसतात. मात्र आतड्यांतील वायू आड आल्यास स्वादुपिंड झाकले जाते. म्हणून रुग्णास उपाशीपोटी बोलावितात.

सी. टी. स्कॅनचा रुग्णावर पहिला वापर १९७१ साली लंडन येथे झाला. शिरेतून औषध देऊन केलेल्या या तपासणीत गाठ व तिचा रक्तवाहिन्यांशी असलेला संबंध समजतो आणि शस्त्रक्रिया शक्य आहे काय, हे ठरविता येते. त्यापूर्वी मूत्रपिंडांच्या कार्याची कल्पना यावी म्हणून रक्तातील क्रिएटिनिन पाहतात. तीव्र दाहात पहिल्या ७२ तासांत पेशीनाशाचे पूर्ण स्वरूप दिसेलच असे नाही. निदान स्पष्ट असता डॉक्टर थांबतात, ते याच कारणाने. त्यास हयगय समजू नये.

एम. आर. सी. पी. या चुंबकीय तपासणीत पित्तनलिका व स्वादुपिंडनलिका क्ष-किरणांविना दिसतात. रुग्णास पेसमेकर असल्यास तसे आधी अवश्य सांगावे. तोंडावाटे दुर्बीण घालून केलेल्या एंडोस्कोपिक सोनोग्राफीत लहान गाठीही दिसतात व सुईने नमुना घेता येतो. ई. आर. सी. पी. आता मुख्यत्वे उपचारासाठी, म्हणजे नलिकेतील खडा काढणे वा स्टेंट बसविणे यांसाठी करतात. कारण तिच्यामुळेच कधी कधी स्वादुपिंडदाह उद्भवतो.

सारांश, महाग तपासणी हीच योग्य तपासणी असे नव्हे. परंतु योग्य तपासणी महाग असेल, तेव्हा पैशांअभावी ती लांबणीवर पडू नये, ही आमची जबाबदारी आहे. गाठीच्या बाबतीत गेलेले आठवडे परत मिळत नाहीत. नातेवाइकांनी अडचण संकोच न बाळगता समाजसेवा विभागास सांगावी. निर्धन रुग्णांसाठी दात्यांनी दिलेला प्रत्येक रुपया अशा वेळी कामी येतो.