कानाची साक्ष

पाहिलेले आणि ऐकलेले यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपली जुनी माणसे सांगत, आणि त्या सांगण्याचा रोख ऐकीव गोष्टींवर भरवसा न ठेवण्याकडे असे. परंतु संगीताच्या बैठकीत पाऊल टाकताच हा न्याय उलटा होतो, तेथे कान हाच मामलेदार, कान हाच मुन्सफ, आणि त्याने एकदा फैसला दिला की त्यावर अपील चालत नाही. घरी बसून ध्वनिमुद्रित संगीत ऐकणाऱ्या, आणि ते अधिकाधिक शुद्ध स्वरूपात ऐकू यावे म्हणून तन, मन व विशेषतः धन वेचणाऱ्या मंडळींत तर ‘मला फरक ऐकू येतो’ हे एकच वाक्य प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द या तिन्ही प्रमाणांची जागा भरून काढते.

आमच्या जबलपुरात, कांचघर भागात, असे एक वयोवृद्ध मराठी गृहस्थ राहतात. लष्करी सामानाच्या सरकारी कारखान्यात त्यांनी सारी हयात तयार मालाची तपासणी करण्यात घालविली. हजारांश इंचाची चूक असलेला भाग त्यांनी कोणाचाही मुलाहिजा न ठेवता नापास केला. पेन्शनीत निघाल्यावर त्यांनी गाणे ऐकण्याचा शौक मनावर घेतला, आणि आज त्यांच्या बैठकीच्या खोलीत स्पीकरच्या तारा फरशीला स्पर्श करू नयेत म्हणून सागवानी ठोकळ्यांवर तोलून धरलेल्या आहेत, ॲम्प्लिफायरसाठी मीटरपासून स्वतंत्र लाइन ओढलेली आहे, आणि ऐकावयास बसण्यापूर्वी घरातील रेफ्रिजरेटर बाकायदा बंद केला जातो. ‘काका, ठोकळे काढून एकदा ऐकलंत का?’ असे मी विचारले तेव्हा ते म्हणाले, ‘अहो, काढले की आवाज बसतो. तुम्हाला नाही कळायचं ते.’ या तीन उपायांपैकी रेफ्रिजरेटरचा उपाय मला पूर्ण मान्य आहे, कारण त्याची घरघर ही खोलीतल्या हवेत खरोखरच असते आणि कोणताही मायक्रोफोन ती टिपू शकतो. प्रश्न ठोकळ्यांचा आणि तारांचा आहे.

तारेच्या प्रश्नाची शहानिशा शाळेतल्या गणिताने होण्याजोगी आहे. अडीच चौरस मिलिमीटर जाडीची साधी तांब्याची तार घेतली, आणि ॲम्प्लिफायरपासून स्पीकरपर्यंतचे अंतर पाच मीटर धरले, तर जाऊन-येऊन दहा मीटर तारेचा विद्युत्-रोध सुमारे ०.०७ ओहम भरतो. स्पीकरचा स्वतःचा रोध सामान्यतः ८ ओहम. म्हणजे तारेपायी आवाजात पडणारी घट एका डेसिबेलच्या दहाव्या हिश्शाहूनही कमी, आणि एवढा फरक ओळखणे तरण्याताठ्या कानालाही दुरापास्त आहे. याउलट, स्पीकर दहा मीटर दूर असून कोणी दोऱ्यासारखी बारीक, अर्ध्या चौरस मिलिमीटरची तार वापरली तर ही घट पाऊण डेसिबेलच्या घरात जाते, आणि स्पीकरचा रोध निरनिराळ्या स्वरांना निरनिराळा असल्यामुळे आवाजाचा रंगही किंचित पालटतो. तेव्हा ‘तारेने काहीच होत नाही’ म्हणणाराही चुकतो. एका मर्यादेपर्यंत तार जाड असावी, आणि त्यापुढे तिला सोन्याचा मुलामा दिला काय नि ठोकळ्यांवर चढविली काय, स्पीकरला त्याची वार्ताही लागत नाही.

परंतु मर्यादा ओळखून थांबणे हे छंदाच्या स्वभावातच नसते. १९९० च्या सुमारास पाश्चात्य देशांत कॉम्पॅक्ट डिस्कच्या कडेला हिरवी शाई फासण्याची टूम निघाली. इकडेतिकडे भरकटणारे लेसरचे किरण त्या शाईत शोषले जातात, अशी तिची उपपत्ती. डिस्कवरचा मजकूर म्हणजे शून्य आणि एक यांची मालिका, आणि शाई लावण्यापूर्वीची मालिका नंतरच्या मालिकेशी अंक न् अंक ताडून पाहता येते, एवढा साधा विचारही पुष्कळांना शिवला नाही. त्याच काळात अमेरिकेत एक साधे दिसणारे टेबलावरचे घड्याळ विकले गेले, जे नुसते भिंतीतल्या प्लगला लावले की घरातली वीज ‘सुधारते’ असा दावा होता. जपानमधील एका वयस्क वकिलाने शुद्ध वीज मिळावी म्हणून स्वतःच्या अंगणात सुमारे दहा हजार डॉलर खर्चून खाजगी विजेचा खांब रोवून घेतल्याची हकीकत २०१६ साली वृत्तपत्रांत आली होती. कांचघरच्या काकांचे ठोकळे त्यामानाने स्वस्तच म्हणायचे.

या साऱ्यांना लबाड किंवा मूर्ख म्हणून निकालात काढणे सोपे आहे, आणि म्हणूनच ते मला पटत नाही. काकांना आवाज बसलेला ऐकू येतो हे ते खोटे सांगत नाहीत. कानात शिरतात त्या हवेच्या लहरी. ‘ऐकणे’ ही घटना मेंदूत घडते, आणि मेंदू तो निवाडा देताना केवळ कानाची जबानी घेत नाही, डोळ्यांची घेतो, स्मृतीची घेतो, खिशातून गेलेल्या रकमेचीही घेतो. मॅगर्क आणि मॅकडोनल्ड यांनी १९७६ साली दाखवून दिले की कानावर ‘बा’ पडत असताना समोरच्या चित्रातले ओठ ‘गा’ म्हणत असतील तर ऐकणाऱ्यास चक्क ‘दा’ ऐकू येतो, आणि युक्ती समजल्यावरसुद्धा तो ‘दा’ हटत नाही. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह या दोन ध्वनिशास्त्रज्ञांनी १९९४ साली एका स्पीकर बनविणाऱ्या कंपनीतील चाळीस नोकरांना तेच स्पीकर एकदा पडद्याआड आणि एकदा उघड्यावर ऐकविले. उघड्यावर मोठ्या, देखण्या, महागड्या पेट्यांचे गुण वाढले आणि लहान, स्वस्त पेटीचे घटले. ही माणसे हौशी नव्हती, त्या धंद्यातच मुरलेली होती. भरीस भर म्हणजे दोन आवाजांपैकी जो यत्किंचित मोठा, तो आपल्याला ‘मोठा’ म्हणून जाणवत नाही, ‘चांगला’ म्हणून जाणवतो. त्यामुळे तुलना करताना दोन्हींची पातळी एका डेसिबेलच्या दहाव्या भागापर्यंत सारखी करून घ्यावी लागते, आणि घरोघरी होणाऱ्या तुलनांत ही खबरदारी बहुधा कोणी घेत नाही.

मग या साक्षीदाराची उलटतपासणी करायची कशी? ऐकणाऱ्यापासून वस्तूचे नाव लपवावयाचे, वस्तू बदलणाऱ्याचा चेहराही त्याला दिसू द्यायचा नाही, आणि पुरेशा वेळा पुन्हा पुन्हा विचारावयाचे. २००७ साली, अद्भुत दाव्यांची कसोटी घेणारे जादूगार जेम्स रँडी यांनी बारा फुटी जोडीला ७,२५० डॉलर किमतीची एक स्पीकर-केबल अशा कसोटीत साध्या केबलहून वेगळी ओळखून दाखविणाऱ्यास दहा लक्ष डॉलर देऊ केले. एक नामांकित समीक्षक तयारही झाला, परंतु केबल बनविणाऱ्या कंपनीने माघार घेतली आणि कसोटी झालीच नाही. त्याच वर्षी मेयर आणि मोरान या दोघांनी उच्च दर्जाच्या ध्वनिमुद्रणातील आवाज साध्या सीडीच्या मापात उतरवून तो मूळ आवाजाशी ताडून पाहण्याचा प्रयोग प्रसिद्ध केला: ५५४ वेळा विचारले, २७६ वेळा उत्तर बरोबर आले, म्हणजे नाणे उडवून जे मिळाले असते तेच मिळाले. पुढे २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अठरा प्रयोगांचे आकडे एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरांचे प्रमाण ५२.३ टक्के भरले, आणि ज्यांना आधी तालीम दिली होती त्यांचे त्याहून अधिक. म्हणजे उच्च दर्जाच्या मुद्रणाचा दावा अगदीच पोकळ नाही. परंतु ज्या फरकाला शौकीन मंडळी दिवस आणि रात्र यांच्या अंतराची उपमा देतात तो हजारो प्रश्नांतून चाळून काढावा लागतो.

कानाच्या या दरबारात सर्वांत मोठी फजिती झाली ती २०२२ साली. ‘मोबाइल फिडेलिटी’ नावाची अमेरिकन कंपनी जुन्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकांच्या अत्यंत महाग तबकड्या काढीत असे, आणि मूळ फितीवरून थेट, मध्ये संगणकाचा वारा न लागू देता कापलेल्या तबकड्या अशी त्यांची ख्याती होती. या तबकड्यांतला ‘अंकरहित’ आवाजाचा ऊबदारपणा आपल्याला स्पष्ट ऐकू येतो, असे दाखले नामवंत समीक्षकांनी वर्षानुवर्षे दिले. ॲरिझोनातील एका तबकडीविक्रेत्याने चौकशी केली तेव्हा उघड झाले की २०११ पासूनच कंपनी आपल्या पुष्कळ तबकड्यांसाठी मूळ फितीची आधी अंकीय नक्कल करीत होती. प्रकरण कोर्टात गेले आणि अडीच कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटले. कंपनीने ग्राहकांना अंधारात ठेवले हे खरेच. परंतु मला त्याहून बोलके वाटते ते असे की अकरा वर्षे जगातले सर्वांत तीक्ष्ण म्हणविणारे कान त्या अंकांवरून गेले आणि एकाही कानाने हरकत नोंदविली नाही.

येथवर वाचून कोणी म्हणेल की तारा, ठोकळे, दोरे असले सगळे उपाय थोतांडच. त्या सज्जनास मी मिरजेस पाठवीन. तेथील कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर, तारेखाली, सुताचा एक साधा दोरा सरकवितात, तो केसभर पुढे, केसभर मागे करतात, आणि एका विशिष्ट ठिकाणी तो येताच मुकी तार झणकारू लागते. जवारी लागली म्हणतात ती हीच. ज्याने तंबोरा कधी ऐकलेला नाही अशा माणसास, एका दोऱ्याने वाद्याचा जीव जागा होतो, हे हिरव्या शाईइतकेच हास्यास्पद वाटेल. परंतु कलकत्त्यास चंद्रशेखर वेंकट रामन यांनी या घोडीचा अभ्यास करून १९२१ साली निबंध प्रसिद्ध केला, आणि त्यात दाखविले की ही तार एक सर्वमान्य नियम मोडते. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांची स्थिर जागा असते ते उपस्वर उमटू नयेत, असा तो यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम. तंबोऱ्यात तेच उपस्वर ठणठणीत उमटतात. रुंद, किंचित उतरत्या घोडीवर तार कंप पावताना क्षणोक्षणी टेकते आणि सुटते, आणि त्या घासणीत खालच्या कंपनांतील शक्ती वरच्या उपस्वरांकडे वळते. दोऱ्याचे काम एवढेच की टेकण्याची जागा नेमकी साधावी. हा फरक डोळे बांधून ऐकला तरी ऐकू येतो. उपाय विचित्र दिसतो की शास्त्रीय दिसतो यावरून त्याच्या खरेपणाविषयी काहीही ठरत नाही.

याच सांगली-मिरजेच्या आसमंतात विसाव्या शतकाच्या आरंभी कान आणि गणित यांचा मोठा रोचक खटला उभा राहिला. निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी अब्दुल करीम खाँसाहेबांच्या गळ्याच्या साह्याने, तारेच्या लांबीवरून स्वरांची गुणोत्तरे काढून, भरतमुनींच्या बावीस श्रुती निश्चित केल्याचा दावा १९१० साली ग्रंथरूपाने मांडला. डिस्ट्रिक्ट जज्ज क्लेमेंट्स यांनी त्यांची बाजू घेतली, आणि त्या श्रुती वाजविणारी एक खास पेटी तयार करविण्यात आली. वस्तुतः भरतमुनींनी स्वतः सांगितलेली रीत ही कसोटीचीच रीत होती: दोन वीणा अगदी सारख्या जुळवाव्या, एक तशीच ठेवावी, दुसरीचे स्वर क्रमाने उतरवावे आणि दोहोंची तुलना करावी, एकच गोष्ट बदलावयाची आणि बाकी सारे स्थिर ठेवावयाचे, हे प्रयोगशाळेचे तत्त्व त्यात स्वच्छ आहे. देवलांच्या पेटीची कसोटी १९१६ साली बडोद्यास, सयाजीराव महाराजांच्या आश्रयाखाली आणि भातखंडे यांच्या पुढाकाराने भरलेल्या संगीत परिषदेत लागली. झाकिरुद्दीन खाँसारख्या कसलेल्या ध्रुपदियांच्या गळ्याशी पेटीच्या स्वरांचा मेळ बसेना, आणि परिषदेने पेटीचा दावा फेटाळला. देवल हे प्रामाणिक आणि विद्वान गृहस्थ होते; त्यांची पेटी भर सभेत, प्रतिपक्षाच्या देखत वाजविली गेली, आणि हा मान तरी आजच्या केबल-उत्पादकांपेक्षा त्यांना अधिक द्यावयास हवा.

पुढे १९६३ साली जयराजभाय आणि स्टोन यांनी यंत्राने स्वर मोजले तेव्हा असे दिसले की एकच स्वर निरनिराळे कलावंत निरनिराळ्या उंचीवर लावतात, इतकेच नव्हे तर एकच कलावंत एकाच मैफलीत तो हलवीत असतो. बावीस ठाम खुंट्या गळ्यात कोठे सापडल्या नाहीत. तरीही अमुक श्रुती खाँसाहेबांच्या तबकडीत स्पष्ट ऐकू येते, असे ठासून सांगणारे रसिक आजही भेटतात, आणि त्यांच्यासाठी एक हिशेब मांडून ठेवावासा वाटतो. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या पहिल्या ध्वनिमुद्रिका १९०५ च्या सुमाराच्या. त्या काळी तबकडीची गती ठराविक नव्हती. मिनिटाला ७८ फेरे हे प्रमाण मागाहून रुळले. ७८ ऐवजी तबकडी ८० फेऱ्यांनी फिरली तर सगळे गाणे सुमारे ४४ सेंट, म्हणजे अर्धस्वराच्या निम्म्याहून थोडेसेच कमी, वर चढते; आणि ज्या प्रमाणश्रुतीवरून, म्हणजे श्रुतींमधल्या लहानात लहान अंतरावरून, एवढा वाद पेटला ती अवघी २१.५ सेंटची. श्रुतींची आपापसांतली अंतरे गतीने पालटत नाहीत, हे खरे. परंतु पट्टी, गळ्याचा पोत आणि तानेचा वेग हे सारे पालटते, आणि ‘खाँसाहेबांचा तो आवाज’ म्हणून जे हृदयाशी धरले जाते ते याच तिघांचे मिश्रण असते.

गती तपासण्याचे साधन जवळजवळ फुकटचे आहे. पुठ्ठ्याच्या चकतीवर समान अंतराने ७७ रेघा काढून ती फिरत्या तबकडीवर ठेवावी आणि वर जुन्या पद्धतीचा निऑन दिवा धरावा. आपल्याकडील वीज सेकंदाला ५० आवर्तनांची असल्यामुळे तो दिवा सेकंदाला शंभरदा उजळतो, आणि गती ७७.९२ फेरे असेल तेव्हा रेघा स्थिर उभ्या दिसतात. परंतु याने एवढेच कळते की आपले यंत्र आज किती वेगाने फिरते. १९०५ साली मुद्रण करणाऱ्याचे यंत्र किती वेगाने फिरत होते याचा दाखला त्या चकतीत नाही. तो शोधण्यासाठी संग्राहक साथीच्या वाद्याची पट्टी पाहतात, किंवा गायकाचा आवाज ‘ओळखीचा’ वाटेपर्यंत गती कमी-जास्त करतात. आणि तो ओळखीचा आवाज त्यांनी मनात साठविलेला असतो तो बहुधा दुसऱ्या एखाद्या तबकडीवरूनच.